गुरुवारची मूठ

आमच्या घरात संपलेल्या सामानाची यादी दोन ठिकाणी असायची. एक माझ्या वहीत आणि दुसरी देवापुढं. माझी वही म्हणजे बाबांच्या ऑफिसातल्या रद्द फॉर्मांचे कागद, कोरी बाजू वर करून सुतळीनं शिवलेले. बाराव्या वर्षापासून मी तिच्यात डाळ, तेल, मीठ, रॉकेल, धुण्याचा सोडा असं एकाखाली एक लिहीत आले आणि आलेल्या वस्तूवर आडवी रेघ मारत आले. आईची यादी तोंडी होती. सकाळी अंघोळ झाली की ओल्या केसांना पंचा गुंडाळून ती देवापुढं बसे, पारिजातकाची फुलं वाही, आणि स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच थांबून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात सांगे, "देवा, मिठाचा डबा पाह्य बरं. तळ दिसून राह्यला. अन् शकूच्या फ्रॉकले दुसरी गुंडी पाहिजे." मग राहिलेलं स्तोत्र.

मला या गोष्टीची लाज वाटायची. देवाजवळ विद्या मागावी, आयुष्य मागावं. गुंडी काय मागायची? बाबा पलीकडच्या खोलीत दाढी करताना ऐकत असत आणि हसत. "काय व, देवानं आता किराण्याचं दुकान टाकलं काय?" आई वळूनही न पाहता म्हणे, "ज्यानं पोट देल्लं, त्याले मीठ समजत नाही काय?" त्याच संध्याकाळी मीठ येई. माझ्या धाकट्या बहिणीची, शकूची, गुंडीही येई, आणि ती शिवताना आई देवाकडं पाहून हात जोडी. मी हिशोबी मुलगी होते. मला दिसत होतं की देवघर आणि बाबांची खोली यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत आहे आणि आईचा निरोप देवाकडं जाताना बाबांच्या कानांवरूनच जातो. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "हौ. अन् ते कान कोणी देल्ले?" यावर वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आमचं भाड्याचं घर बालाघाटात छोट्या रेल्वे लाइनीच्या जवळ होतं. दोन खोल्या, धान्याची छोटी कोठी, पडवी, वर कवेलू, म्हणजे कौलं. वानरं उड्या मारत गेली की कवेलू सरकायचे आणि जेवणाच्या ताटात उन्हाचा ठिपका पडायचा. घरात घड्याळ होतं, पण आम्ही उठायचो ते गाडीच्या शिट्टीवर. दाराच्या आत मराठी आणि दाराबाहेर हिंदी. शाळाही हिंदीच. बाबा जंगल खात्यात बाबू, महिन्यातले पंधरा दिवस परसवाड्याच्या लाकूड डेपोवर. मी थोरली, कुसुम, तेव्हा चौदा वर्षांची. धाकटी शकू सहा. शेजारी मिसराइन चाची, रेल्वेतल्या पॉइंट्समनची बायको, जिला आमच्या घरातल्या भाताच्या ढिगाचं कायम आश्चर्य वाटे. "इतना चावल खाती हो, पेट में खेत उगेगा," असं ती शकूला म्हणे आणि शकू खरंच पोट चाचपून बघे.

आता मुठीबद्दल. रोज सकाळी स्वयंपाकाचे तांदूळ मोजून काढले की, ते धुण्याआधी आई त्यातली एक मूठ उचलून देवाजवळच्या काळ्या गाडग्यात टाकायची. गाडगं लहान, तोंड अरुंद. मूठ आत सोडताना सुरुवातीला टणटण असा कोरडा आवाज येई आणि आठवडा सरत येई तसा तो मऊ होत जाई. गुरुवारी ते गाडगं दारात तुळसाबाईच्या सुपात पालथं व्हायचं. तुळसाबाई मूळची रामपायलीकडची, राहायची नदीपलीकडच्या एका वाडीत, एकटी. पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचून बाजारात विकायची. मूठ घेतली की दोन पत्रावळी उंबऱ्यावर ठेवायची. आईनं तिला कधी भिकारीण मानलं नाही आणि त्या पत्रावळींना मोल म्हणू दिलं नाही. "तिचे तांदूळ आपल्या डब्यात येते, आपण फक्त काढून ठेवतो," असं ती म्हणायची. मला हे वाक्य मोजमापाच्या दृष्टीनं अगदी चुकीचं वाटायचं.

त्या वर्षी तांदळाची चणचण होती. राज्यं वेगळी झाली तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि आजोबांचं शेत सीमारेषेच्या पलीकडं गेलं. तरी दरवर्षी थंडीत तिकडून बैलगाडीनं आमच्या वाट्याचं धान यायचं. त्यातलं थोडं सुवासिक चिन्नोर जातीचं, फक्त नैवेद्याचं. ते शिजलं की वास मिसराइन चाचीच्या अंगणापर्यंत जाई. त्या वर्षी धान्य इकडून तिकडं न्यायला बंदी आली आणि नाक्यावर पोती उतरवून घेऊ लागले. आजोबांची गाडी अर्ध्या वाटेतून परत गेली. रेशनच्या दुकानात लाल ज्वारी मिळे, मिळाली तर. नवरात्र उठलं होतं, शेतात धान पिवळं पडायला लागलं होतं, पण कापणी अजून लांब होती. या महिन्यात डब्याचा तळ सगळ्यांच्याच घरी दिसतो.

एका रविवारी दुपारी लाकडाचा ट्रक दाराशी थांबला. ड्रायव्हर उतरला, डोक्याचा गमछा हातात घेतला आणि आईला म्हणाला, "बाईजी, बाबूजी को पाँच दिन से बुखार है. अब आदमी पहचान नहीं रहे." आई चौकटीवर हात टेकून उभी होती. तिनं एकच विचारलं, "ट्रक वापस कब जाएगा?" "अभी." ती आत आली. एक लुगडं, लिंबं, गंगाजलाची कुपी आणि पेजेपुरते तांदूळ तिनं पिशवीत भरले. मग देवापुढं उभी राहिली, बसली नाही, आणि म्हणाली, "देवा, मले माणूस पाहिजे. बाकी काही मागत नाही." त्या दिवशी तिच्या यादीत एवढीच एक ओळ होती.

निघताना तिनं कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. "आठ दिवसांत येतो आम्ही. चाची झोपाले येईल. शकूले मारू नको. अन् मूठ काढशील. ते विसरू नको."

"हौ," मी म्हटलं.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला तसं शकूनं भोकाड पसरलं आणि मी कोठी उघडून मोजायला बसले. मला रडायला तेव्हाही जमत नसे. भीती वाटली की मी काहीतरी मोजते. आजही डॉक्टरांच्या दारात बसले की खिडकीचे गज मोजते. तांदूळ भरले सोळा वाट्या. आम्हा दोघींना दिवसाला दोन वाट्या, म्हणजे बरोबर आठ दिवस. मग मुठीची आठवण झाली. माझ्या चार मुठींची एक वाटी होत होती. रोज मूठ काढली तर तांदूळ सात दिवस पुरणार आणि आठव्या दिवशी चूल थंड राहणार. मी दोनदा मोजून पाहिलं. दोन्ही वेळा आठव्या दिवशी शकू उपाशी होती. मी वहीत "मूठ" असं लिहिलं आणि तिच्यावर आडवी रेघ मारली. आलेल्या वस्तूवर मारायची ती रेघ.

सोमवारी मूठ काढली नाही. मंगळवारीही नाही. काहीच झालं नाही. देवाच्या तसबिरी होत्या तशाच पाहत होत्या. बुधवारी मी आणखी पुढं गेले. गाडग्यात आईनं जाण्यापूर्वी टाकलेल्या तीन मुठी होत्या, शुक्रवारच्या, शनिवारच्या, रविवारच्या. त्याही डब्यात ओतल्या. गाडगं पुसून जागेवर ठेवलं. हे मी शकूच्या पोटासाठी करत होते आणि ते खरंही होतं. पण खरं आणखी एक होतं. आईला रोज जे जमतं त्यात शहाणपण नाही, शहाणपण माझ्या वहीत आहे, असं मला कधीपासून सिद्ध करायचं होतं. ती घरात नसताना ते सोपं गेलं.

गुरुवारी तुळसाबाई आली. "सीताबाई व," अशी तिनं आईला हाक घातली. मी दारात गेले.

"आई परसवाड्याले गेली. बाबांले ताप आहे."

"अग माय! लई हाय काय?"

"आहे."

तिनं सवयीनं सूप पुढं केलं. मी म्हटलं, "मूठ आईच देते. आई आली का घेऊन जाजो."

तुळसाबाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत, देवघराच्या दिशेनं पाहिलं. तिनं सूप काखेत घेतलं. "असू दे, पोरी," म्हणाली आणि नेहमीच्या दोन पत्रावळी उंबऱ्यावर ठेवून चालू लागली. "नको, आज नको," मी मागून म्हटलं. ती न थांबता म्हणाली, "ते तुयासाठी नाही ठेवल्या. त्या ठेवाच्या अस्ते." त्या दोन पत्रावळी मी कोठीत पालथ्या टाकल्या. त्यांच्यावर जेवायचं धाडस मला झालं नाही.

चाची रोज विचारायची, "बिटिया, सब है ना घर में?" आणि मी म्हणायची, "सब है चाची." तिच्याकडं मागता आलं असतं. तिनं नक्की दिलं असतं, तिच्या स्वतःच्या मोजक्या पिठातून. पण शेजारणीकडं विरजण मागावं, धान्य मागू नये, असं आमच्याकडं होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे माझी वही सांगत होती की सगळं पुरेसं आहे. वही खोटी पडलेली मला चालणार नव्हती.

आठवा दिवस सोमवार. मी अंगण सारवलं, तांब्यात पाणी भरून ठेवलं, शेवटच्या दोन वाट्या शिजवल्या. ट्रक आला, त्यातून ड्रायव्हर एकटा उतरला. "बुखार उतरता है, फिर चढ़ता है. डॉक्टर सुई दे रहा है, कुनैन भी. बाईजी बोलीं, अभी दिन लगेंगे." किती दिवस, ते त्याला ठाऊक नव्हतं. मंगळवारी गाडग्यातून चोरलेल्या तीन मुठींची पेज केली. बुधवारी रेशनच्या दुकानाला कुलूप होतं. घरी येऊन उरलेली लाखोळीची डाळ नुसतीच शिजवली. शकूनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आता भात दे." मी म्हटलं, "उद्या." ती म्हणाली, "उद्या म्हणजे आई येईल तेव्हा का?" चाची आली तेव्हा शकूला आधीच निजवून ठेवलं होतं, तोंड भिंतीकडं करून.

गुरुवारी सकाळी गाडीची शिट्टी झाली आणि मी उठून कोठीत गेले. मीठ होतं, मिरच्या होत्या, अर्धी वाटी तेल होतं. तांदळाच्या डब्यात मी हात घातला, तळ चाचपला, बोटाला नुसती कोंड्याची भुकटी लागली. आई डबा कधीच असा खरवडू द्यायची नाही, तळाशी चार दाणे राहूच द्यायची. मी तेही मंगळवारी काढले होते. वही उघडली. तिच्यात सगळं बरोबर होतं. एकही बेरीज चुकली नव्हती. चुकलं होतं ते त्या "आठ दिवस" या दोन शब्दांत, आणि ते शब्द माझ्या हातातले नव्हते, आईच्याही नव्हते.

मी अंघोळ केली आणि देवापुढं बसले. मला मागायला येत नव्हतं. विद्या मागणं येत होतं, पाठ होतं. मग आईसारखंच, शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागले. "देवा, तांदूळ संपले. डाळ संपली. शकूनं काल नीट खाल्लं नाही." एवढं झाल्यावर थांबले. यादी पुरी नव्हती. "बाबांले बरं कर. अन् तुळसाबाईची मूठ मी घेतली. तीन मुठी. अन् ज्या काढल्याच नाही, त्या आजची धरून अकरा." हे सांगताना मी बोटांवर मोजत होते. पलीकडच्या खोलीत कोणी नव्हतं. कुडाच्या भिंतीआड ऐकायला बाबांचे कान नव्हते. त्या सकाळी निरोप मध्ये कुठंच थांबणार नव्हता, आणि मला फार भीती वाटली.

उन्हं पडवीत आली तेव्हा दाराशी "पोरी व" अशी हाक आली. तुळसाबाई होती. सूप रिकामं नव्हतं. त्यात फडक्याची एक गाठोडी होती.

मी दारात नुसती उभी. आधीच ठरवलेलं वाक्य तोंडात आलं, "आई अजून नाही आली."

"दिसून राह्यलं ना मले. सरक, आत येऊ दे." ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. सरळ देवघराशी गेली, गाडगं उचललं, कानाशी धरून हलवलं आणि खाली ठेवलं. "मागच्या गुरुवारीच समजलं मले. आई गावाले गेली म्हणून मूठ बंद नाही होत, बापा. शकूच्या वेळेस तुयी आई बाळंत होती, तवा तुया बापानं देल्ली मूठ, अर्धी सांडून. या घरची मूठ बंद झाली म्हणजे या घरचे तांदूळ सरले. दुसरं काय असंल?"

तिनं गाठोडी सोडली. नवे तांदूळ होते, लालसर, अर्धे कणी झालेले, ओल्या पेंढ्याचा वास असलेले. वाडीजवळच्या एका शेतात हलकं धान लवकर कापलं होतं. कापणीनंतर पडलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, तिनं आठ दिवस वेचला होता आणि घरीच उखळात कांडला होता. मोजायची सवय जात नाही, म्हणून सांगते. पाच वाट्या भरले.

"तुमच्यासाठी वेचले ना तुम्ही हे," मी म्हटलं.

"माह्यासाठीच वेचत होती. मंग मनात आलं, ते पोरगी खोटं बोलली, म्हणजे लई अडली असंल." ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "खोटं बी धड येत नाही तुले. तोंड पाह्य, बोरासारखं लाल झालतं."

मी तिथंच जमिनीवर बसले. सगळं सांगितलं, तीन मुठींचंही. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग आता काय, गुरुवार हाय. टाक." मला कळेना. तिनं माझं मनगट धरलं, हात त्या तांदळात खुपसला. "मूठ भर. पहिले गाडग्यात. मंग चूल पेटव." मी मूठ सोडली. रिकाम्या गाडग्यात टणटण आवाज झाला आणि त्या आवाजानं आतली शकू उठून आली. "भात?" तिनं विचारलं. त्या दिवशी आम्ही तिघी तुळसाबाईच्या पत्रावळींवर जेवलो, मीठ-मिरचीशी. शकूनं पान चाटलं, तेव्हा कोणी तिला रागावलं नाही.

बाबा आले ते त्यानंतर तीन दिवसांनी, रविवारी. ट्रकमधून त्यांना दोघांनी धरून उतरवलं. सदऱ्यात माणूस कमी आणि सदरा जास्त होता. मी पाया पडले, विचारलं, "कसं वाटते बाबा?" ते माझ्या ओठांकडं पाहत राहिले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "मोठ्यानं बोल. कुनैननं कान गेले." हे तिनं ट्रकमधली पिशवी उतरवता उतरवता सांगितलं, जसं काही छत्री तिकडं राहिली.

संध्याकाळी ती देवापुढं बसली तेव्हा मी तिला गाडग्याचं सगळं सांगितलं. शेवटपर्यंत. तिनं वात सारखी केली आणि ती म्हणाली, "सोळाच वाट्या होत्या, ते मी न पाहताच गेली. तू मोजलं ते बरं केलं. मोजण्यात पाप नाही, कुसुम. मी बी तिकडं गोळ्या मोजतच होती. पण मोजून झालं का कोणाले तरी सांगाव लागते. वहीतच काहून ठेवलं?"

"तू देवाजवळ फक्त माणूस मागितला होता," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "कान म्हटलं नव्हतं."

मला वाटलं ती चिडेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याबरोबर हसूही. "हौ," ती म्हणाली. "तुयासारखी नीट यादी द्याची होती." मग पदरानं तोंड पुसून बाबांची पेज गाळायला उठली. तिची श्रद्धा किती मोठी होती ते मी त्या वेळी पाहिलं, असं आज म्हणते. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की तिला जे मिळालं ते तिनं घेतलं आणि जे गेलं त्यासाठी तिनं देवाला कधी जाब विचारला नाही. मी असते तर विचारला असता. मी अजूनही विचारते.

सकाळची तोंडी यादी चालूच राहिली. आवाज तोच, शेजारणीशी बोलावं तसा. "देवा, रॉकेल संपत आलं." पलीकडच्या खोलीत बाबा दाढी करत असत आणि हसत नसत, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी रॉकेल आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं बाबांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं नाही आणि देवाला दुसऱ्यांदाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना डबा भरून आणला. तेव्हापासून ती देवापुढं बसली की मी कुडाच्या भिंतीला टेकून केस विंचरायला बसू लागले, वही मांडीवर घेऊन. ती बोलायची आणि मी लिहायची. पुढं मी तीस वर्षं एका वसतिगृहाची कोठी सांभाळली. दोनशे मुलींचं रोजचं धान्य. तिथं लोक माझ्या याद्यांचं कौतुक करायचे. त्या लिहायला मी त्या भिंतीशी शिकले.

धानाची कापणी जोरात होती तेव्हाचा एक गुरुवार. गाडगं भरलेलं होतं, सात मुठी, त्यावर मी माझ्या मनानं रोज एक जास्तीची टाकत होते. फेडायचे म्हणून चौदा दिवस, असं वहीत लिहिलं होतं. दुपार झाली, तुळसाबाई आली नाही. आई बाबांना औषध देत होती. ती म्हणाली, "कापणीत असंल. पुढच्या गुरुवारी नेईल." मी हौ म्हटलं आणि शकूची वेणी घालायला घेतली. अर्धी घातली आणि हात थांबला. मूठ बंद झाली तर या घरात काहीतरी झालं, हे त्या बाईला आमच्या दारातून समजलं होतं. मग मूठ न्यायला कोणी आलं नाही, तर त्या घरात काय झालं असेल? मी शकूला अर्ध्या वेणीवर सोडलं, चपला घातल्या, गाडगं काखेला लावलं आणि निघाले.

नदीच्या पुलावरून वारा येत होता. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मध्येच धानाच्या गंज्या. वाडीत एकानं झोपडी दाखवली. तुळसाबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, उजवा पाय समोर पसरून. सरवा वेचताना धानाचं धसकट तळव्यात घुसलं होतं, पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, त्यावर कसलासा पाला बांधला होता. चूल विझलेली होती. कधीची, ते राखेकडं पाहून कळत होतं.

मी काही बोलण्याआधीच तिनं मला पाहिलं, माझ्या काखेतलं गाडगं पाहिलं, आणि तिला आश्चर्य वाटलेलं मला दिसलं नाही. मान वळवून ती आतल्या कोनाड्याकडं बोलली. तिथं शेंदूर फासलेला एक दगड होता.

"पाह्य," ती त्याला म्हणाली. "सकाळी सांगतलं ना मी तुले. कोणाले धाडतं, तेच पाहून राह्यली होती."

मग माझ्याकडं वळली. "ये, बस. सूप तिकडं आहे, खुंटीले."

मी सूप काढलं आणि गाडगं त्यात पालथं केलं.